ज्वालामुखीतली वाघाची गुहा

ज्वालामुखी मी आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही. बांधले मात्र तीन. त्यातले दोन किरकोळ होते, एका हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी आणि एका मॉलमध्ये जत्रेपुरता. तिसरा मोठा, शारजाच्या बाहेर एका करमणूक बागेत, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. सगळं सांगायचंय ते या तिसऱ्याबद्दल.

माझा धंदा खोट्या दगडांचा. पुण्यात शिल्पकला शिकले, लग्न झालं, नवरा फुजैराला बंदरावर नोकरीला लागला आणि मी मुलीला घेऊन शारजात राहिले, कारण शाळा तिथे होती. नवरा गुरुवारी संध्याकाळी डोंगर ओलांडून यायचा आणि शुक्रवारी रात्री परत जायचा. उरलेले दिवस घरात बसून माझं डोकं फिरायला लागलं. माझा मुळात स्वभावच असा की पाच मिनिटं एका जागी बसवत नाही. अशात एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की एक कंपनी कृत्रिम कडे, धबधबे, गुहा वगैरे बनवते आणि त्यांना मॉडेल करणारं माणूस हवंय. गेले, मातीचा एक कडा करून दाखवला आणि चिकटले. पुढे बावीस वर्षं तेच केलं.

लोकांना वाटतं, हे डोंगर भरीव असतात. आत काहीही नसतं हो. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी आणि जाळीवर पंपाने मारलेला सिमेंटचा माल. दगड दिसतो तो बोटभर जाडीचा. खरी कला पुढे. माल ओला असतो तेव्हा तो ओघळतो आणि वाळला की दगड. या दोहोंच्या मधे थोडा वेळ असा असतो की तो लोण्यासारखा कापला जातो. तेवढ्यात करणी, तारेचा ब्रश, चुरगळलेला फॉइलचा कागद, काय हाताला लागेल त्याने त्याला भेगा, थर, खड्डे द्यायचे. आखातातल्या उन्हात हा वेळ फारच थोडा मिळतो. पाण्यात बर्फ टाकायचा, वर ओली गोणपाटं लावायची आणि तरी सगळ्यांचा जीव टांगणीला. एकदा मालाने धरलं की मग चूक सुधारायला हातोडाच लागतो. माझ्या अस्वस्थ स्वभावाला हे काम फार मानवलं. तिथे सगळेच माझ्यासारखे घाईवर आलेले असायचे.

माझ्या हाताखाली, म्हणजे कागदावर माझ्या हाताखाली, गुहागरकडचे सीतारामभाऊ होते. गवंडी, वय चाळिशीच्या पुढे, अंगाने बारीक. कॅम्पमध्ये एकटेच राहायचे, बायको-मुलं गावी. माझी मॉडेलं हातभर उंचीची. ती पाहून तीनमजली कडा प्रत्यक्षात उतरवायचा तो सीतारामभाऊंनी आणि त्यांच्या टोळीने. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे. मचाणावर दोघंच असलो की ताई.

तर ज्वालामुखी. बागेचा मालक, ज्याला सगळे अरबाब म्हणायचे, त्याने कुठेतरी परदेशात तसा एक कृत्रिम डोंगर पाहिला होता. त्याला रोज संध्याकाळी आग ओकणारा डोंगर हवा होता. प्रोजेक्ट मॅनेजर होता तौफिक नावाचा लेबनीज. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडात दोनच शब्द, यल्ला आणि खलास. काम सुरू होताना यल्ला, आणि वाद सुरू होताना खलास.

मी फोटोंची जाडजूड पुस्तकं आणली आणि पहिल्यांदा कळलं की आपल्या डोक्यातला ज्वालामुखी साफ चुकीचा आहे. आपण चित्र काढतो तेव्हा त्रिकोण काढून वर विहिरीसारखं भोक ठेवतो. खऱ्या डोंगराच्या माथ्यावरचं विवर विहिरीसारखं फार क्वचित असतं, ते पसरट कढईसारखं असतं. आग जिथून येते ते तोंड कढईच्या तळाशी, आणि विवराच्या मानाने फारच लहान. तोंड एवढुसं आणि विवर एवढं मोठं का, तर काठ आतल्या आत ढासळत जातात आणि दर वेळी ते आणखी रुंद होतं. म्हणून आतल्या भिंतीत जुन्या थरांच्या पट्ट्या उघड्या पडलेल्या दिसतात. काठही सगळीकडून सारखा नसतो. एका बाजूला उंच, एका बाजूला खचलेला, आणि काही डोंगरांचा तर एका अंगाचा काठ पुरता फुटलेला असतो.

आमचा डोंगर अठरा मीटर उंच ठरला. विवर किती रुंद, यावर मी आणि तौफिक तीन आठवडे भांडलो. मी नऊ मीटर धरून बसले होते. इतकं रुंद की तळाशी माणूस आरामात फिरेल आणि मधल्या तोंडातल्या गॅसच्या ज्वाळा भिंतीपासून लांब राहतील. त्याला पाचात भागवायचं होतं. मला माझे नऊ मीटर मिळाले, पण वेगळ्याच कारणाने. अरबाब एक दिवस मॉडेल बघायला आला, खाली वाकून डोळे मॉडेलच्या पायथ्याशी नेले आणि म्हणाला, "व्हेअर इज द माउथ?"

प्रश्न अगदी बरोबर होता. खालून बघणाऱ्याला विवर कधीच दिसत नाही, नुसतं टोक दिसतं. एवढा खर्च करून आतली आग रस्त्यावरच्या गाड्यांना दिसणार नसेल तर त्या माणसाला उपयोग काय? मीच उत्साहाने म्हणाले की काठ एका बाजूने फोडू या, खऱ्या ज्वालामुखीतही असतो. अरबाब खूश झाला, तोंड जितकं रुंद तितकं जास्त दिसेल म्हणून नऊ मीटरलाही त्याने मान डोलावली. "रोड साइड," म्हणाला आणि गेला.

घरी येऊन भात लावताना माझ्या लक्षात आलं की रस्ता वायव्येला आहे. आखातात राहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको की शमाल वारा तिकडूनच येतो आणि दुपारनंतर जोर धरतो. फुटलेल्या काठातून वारा थेट कढईत शिरणार आणि ज्वाळा आत फिरवणार. दुसऱ्या दिवशी मी तौफिकला धरलं.

"मॅडम, इट इज डेकोरेटिव्ह फ्लेम. छोटा है."

"वारा छोटा नहीं है."

"इन्शाल्ला नथिंग विल हॅपन. खलास."

मी लिहून दिलं, भांडले, जेवढं करायचं तेवढं केलं. फट रस्त्याकडेच राहिली. त्या दिवसापासून मला झोप नीट लागेना. मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. मी जेवताना खिडकीतून झाडं किती हलतायत ते बघत बसले की ती म्हणायची, "आई, रिलॅक्स. इट्स नॉट इव्हन अ रिअल व्होल्केनो."

विवराचं आतलं काम दिवाळीच्या तोंडावर सुरू झालं. पहिला माल चढायच्या दिवशी सीतारामभाऊंनी पायथ्याशी नारळ फोडला, उदबत्ती लावली. सगळ्या टोळीने नमस्कार केला, पंप चालवणाऱ्या पठाणानेही खोबरं खाल्लं. त्यानंतर सीतारामभाऊ त्या डोंगरावर कधी बूट घालून चढले नाहीत. मागच्या बाजूला सांगाड्याच्या पोटातून एक लोखंडी शिडी वर जायची आणि विवराच्या तळाशी, मागच्या भिंतीलगत, एका झडपेतून बाहेर निघायची. शिडीच्या खाली सीतारामभाऊंचे सेफ्टी शूज जोडीने ठेवलेले असायचे, देवळाबाहेर ठेवतात तसे. सेफ्टी ऑफिसर बोंबलायचा. हे म्हणायचे, "साब, पूजा किया है, जूता कैसा चलेगा?" मीही समजावून पाहिलं. तेवढ्यापुरतं हो म्हणायचे.

एका दुपारी वर गेले तर फुटलेल्या काठाच्या कडेला, आतल्या भिंतीत, एक भगदाड. पहिल्यांदा वाटलं जाळी सुटली. जवळ गेले तर व्यवस्थित घडवलेली गुहा. तोंडाला कमान, आत बसायला ओटा, छताला ओघळलेल्या दगडाची झाक. काम इतकं सुरेख की मला आधी कौतुक वाटलं आणि मग राग आला.

"सीतारामभाऊ, हे काय? मॉडेलमध्ये आहे का?"

"न्हाय. पण ताई, गुहा नको?"

"कशाला?"

"वाघाला." माझ्याकडे ते असे बघायला लागले की मीच काहीतरी वेडगळ विचारलंय. "किल्ला केला की वाघाची गुहा लागतेच ना. पोरं काय म्हनतील?"

मग माझ्या लक्षात आलं. दिवाळी चार दिवसांवर होती. घरी असते तर अंगणात मातीचा किल्ला करून झाला असता, वर हळीव पेरलेलं असतं आणि पोरांनी वाघ कुठे बसवायचा म्हणून भांडण मांडलं असतं. सलग सहा दिवाळ्या हा माणूस घरी गेला नव्हता. समोर एवढा आयता डोंगर, हातात ओला माल. हात आपोआप चालला.

मला हसू आवरेना. तरी मी मापावर आले, सवयच ती. "अहो, एवढ्या डोंगरात वाघ केवढा दिसेल? पालीएवढा. ही तर माणूस बसेल एवढी आहे."

"वाघ बसला पायजे तर मापाची नको?" ते म्हणाले. "वाघ मागनं करतो. सिमिटाचा. जरा येळ गावू दे."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात मालाने धरलं. मी बोटाने दाबून पाहिलं, ठसा उमटेना. गुहा आता डोंगराची झाली होती. ती बुजवायची तर नवी जाळी, नवा माल. मी म्हटलं, राहू दे, फटीच्या आडोशाला आहे, खालून कुणाला दिसतेय. तौफिकला मात्र दिसली. तो म्हणाला, ड्रॉइंगमध्ये नाही, बंद करा. मी 'टुमारो' म्हटलं, आणि तो टुमारो उद्घाटनाच्या धांदलीत वाहून गेला.

पहिल्यांदा आग लावून बघायची होती ती उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजनंतर. अरबाब काही पाहुण्यांना घेऊन येणार होता. दुपारपासून वारा सुटला होता. बागेतले कापडी झेंडे फडफड वाजत होते. तौफिकने आल्याआल्या काठावरची एक भेग दाखवली, रंग उडाला होता. त्याने सीतारामभाऊंना वर पिटाळलं: दहा मिनिटांत रंगवून या. मी तेव्हा दिव्यांच्या वायरमनशी वाद घालत होते, मला यातलं काही माहीत नव्हतं.

अरबाब वेळेआधीच आला. त्याच्या गाड्या फाटकातून आत आल्या तशी तौफिकची धावपळ सुरू झाली. रंग, भेग, वर गेलेला माणूस, सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं. गॅसची खोली पायथ्याशी होती, आत बटण. तिथल्या माणसाला वरचं काही दिसत नव्हतं.

मी एका जागी उभी राहू शकत नव्हते. पाहुणे समोर खुर्च्यांवर, आणि मी उगाच डोंगराला चक्कर मारायला निघाले. मागच्या बाजूला वळले तर शिडीच्या खाली बूट. जोडीने ठेवलेले.

त्याच क्षणी पुढून तौफिकचा आवाज आला, "यल्ला, जला दो!"

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मराठीत ओरडले एवढं नक्की, कारण कुणालाच काही कळलं नाही. वर भस्सकन आवाज झाला, समोरून टाळ्या पडल्या. साडीचा पदर खोचून मी धावले ती गॅसच्या खोलीत. दार ढकललं, "बंद करो, आदमी है, आदमी!" गॅसवाला बिचारा बटणाकडे बघतच राहिला. मीच त्याच्या अंगावरून हात घालून मोठं चाक फिरवायला लागले, मग त्यानेही हात लावला. ते चाक बंद व्हायला किती वेळ लागला, कोण जाणे. तेवढ्यात वाऱ्याने जे करायचं ते केलं होतं. समोर बसलेल्यांनी नंतर सांगितलं की ज्वाळा वर गेल्याच नाहीत, कढईत गोल फिरत होत्या आणि फटीतून जिभा बाहेर येत होत्या. पाहुण्यांना ते फार आवडलं.

मी शिडी चढले. चढताना हाका मारत होते आणि उत्तर येत नव्हतं. झडप तापली होती, पदर हाताला गुंडाळून ढकलली. आत धूर, जळक्या रंगाचा वास. मागची भिंत, जिथे झडप होती, तीच सगळ्यात जास्त भाजली होती. म्हणजे आग पेटली तेव्हा त्यांच्या आणि झडपेच्या मधे ज्वाळा होत्या, आणि दुसरीकडे फट, खाली थेट रस्ता. मी रडायला लागले होते. तळावर त्यांची रंगाची बादली होती, प्लॅस्टिक वितळून बसलेली. मला त्या बादलीच्या पलीकडे बघायचं धाडस होईना.

"ताई," कुठूनतरी आवाज आला. "झडप उगडी ठेवा. लावू नका."

गुहेत होते. ओट्यावर पाय पोटाशी घेऊन, पाठ आतल्या भिंतीला चिकटवून, डोकं गुडघ्यात घालून. सदऱ्याच्या बाह्या जळल्या होत्या, कान आणि हातांच्या पाठी भाजल्या होत्या, केस होरपळले होते. मी खांद्याला धरून उठवायला गेले तर उठेनात. सगळं अंग हलत होतं. मी तिथेच त्यांच्यासमोर बसले. आम्ही दोघं त्या विवरात, खाली टाळ्या थांबून गोंधळ सुरू झालेला, आणि ते मला म्हणाले, "तुमी रडू नका. पुढं लोक हायत."

हॉस्पिटलमध्ये होते ते बरेच दिवस. हातांना व्रण राहिले, बोटं मात्र शाबूत. गॅसची आग रद्द झाली. त्या जागी लाल दिवे आणि वाफ आली, आणि खरं सांगायचं तर ते जास्त छान दिसायचं. कंपनीच्या लेखी काही घडलंच नव्हतं. तौफिक मला दोन दिवस टाळत होता, तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, "मॅडम, आय फर्गॉट हिम." त्यानेच मग विवर आतून पुन्हा रंगवून घेतलं आणि दुसऱ्या टोळीकडून गुहेच्या तोंडावर जाळी लावून माल मारून घेतला. कुणाला काही विचारायला जागा राहू नये म्हणून. मी अडवायला गेले, पण तोवर मालाने धरलेलं होतं.

सीतारामभाऊ परत कामावर आले तेव्हा मी त्यांना वर घेऊन गेले. बूट खालीच काढले त्यांनी. गुहेच्या जागी सपाट कडा बघून म्हणाले, "वाघ बसवायचा राह्यलाच की." आणि खाली उतरून दुसऱ्या साइटच्या गाडीत जाऊन बसले. त्यानंतर तीनेक वर्षं आम्ही एकत्र काम केलं. हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. मग त्यांनी व्हिसा रद्द करून घेतला आणि गावी गेले.

त्यानंतर मी जे जे कडे, धबधबे, गुहा केल्या, त्या प्रत्येकात एक माणूस मावेल असा कोनाडा ठेवला. ड्रॉइंगवर त्याला 'सर्व्हिस' असं काहीतरी लिहायचे. तरुण इंजिनीअर विचारायचे, हे कशाला? मी म्हणायचे, असतो.

दोन हजार सालानंतर चारपाच वर्षांत ती बाग बंद पडली. सगळीकडे टॉवर उठत होते, त्या जमिनीवरही उठणार होते. पाडकाम सुरू झाल्याचं कळलं तेव्हापासून मला घरात चैन पडेना. शेवटी एका शुक्रवारी मुलीला गाडी काढायला लावली. ती आता कॉलेजात होती. "आई, इट्स डेमोलिशन. देअर्स नथिंग टु सी," म्हणाली, पण आली.

डोंगर अर्धा उतरला होता. माथ्याचे मोठमोठे तुकडे क्रेनने खाली ठेवले होते, सळ्या बाहेर आलेल्या. मी त्यांच्यातून फिरत राहिले. सुपरवायझर हिंदीत ओरडत होता की मॅडम, इधर मत आओ. विवराच्या भिंतीच्या थरांच्या पट्ट्या मी लांबून ओळखल्या. त्या मी कोरलेल्या नव्हत्या. सीतारामभाऊंना आडवे थरच कोरता यायचे, गावाकडचे कडे तसे असतात म्हणून. एक तुकडा तिरका टेकून पडला होता आणि त्याच्यावर मारलेला माल फुटून गळून गेला होता. आत गुहा होती.

ओटा होता. कमान होती. सगळं आतून काळंकुट्ट, त्या एका संध्याकाळची काजळी जशीच्या तशी. आणि मागच्या भिंतीवर, मधोमध, एक स्वच्छ जागा. सिमेंटचा मूळ रंग, करणीच्या खुणांसकट. खाली रुंद, वर खांद्यांपाशी निमुळती होत गेलेली. एक माणूस पाठ टेकून बसला होता, तेवढीच जागा आगीला मिळाली नव्हती.

मी तिच्यावर तळहात ठेवून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मुलगी मागे येऊन उभी राहिली. त्या संध्याकाळची गोष्ट तिला माहीत होती. तिने ती जागा पाहिली आणि मराठीत म्हणाली, "आई, त्यांना फोन कर ना."

गाडीत बसून गुहागरला फोन लावला. घरातल्या कुणीतरी त्यांना हाक मारली, ते आले, आधी माझी, मुलीची, साहेबांची चौकशी झाली. मी सगळं सांगितलं. काजळी, ओटा, भिंतीवरची जागा. सांगून झालं तरी मला थांबवेना, माझा स्वभाव. मी बोलायचं म्हणून बोलले, "पण सीतारामभाऊ, वाघ बसवायचा तुमचा राहिलाच हो."

"राह्यला कुठं?" ते म्हणाले. "बसला हुता की, ताई. लटालटा कापत हुता, पन बसला हुता."